आधी कोणता दिवा बदलायचा?

(दृश्य: पेटलेला पिवळा बल्ब. कॅमेरा हळूहळू आतल्या तारेवर स्थिरावतो.)

ही टंगस्टनची तार. बल्ब पेटला की तिचं तापमान अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. इतकी तापल्यावर कुठे ती उजेड द्यायला लागते, आणि तोही किती? तिने घेतलेल्या विजेतला जेमतेम पाच टक्के भाग प्रकाश होऊन बाहेर पडतो. बाकी जवळपास सगळी उष्णता. पेटत्या बल्बला चुकून हात लागला की चटका बसतो. त्या चटक्याचेही पैसे वीजबिलात भरलेले असतात.

(दृश्य: विजेचं मीटर. आकडे पुढे सरकताना.)

हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. आता साठ वॅटचा बल्ब घ्या, रोज पाच तास जळणारा. दिवसाला ०.३ युनिट, म्हणजे वर्षाला जवळपास ११० युनिट. तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी त्याच पाच तासांत वर्षाकाठी साधारण १६ युनिट घेतो. एका दिव्यामागे ९३ युनिट वाचतात. तुमच्या बिलावरच्या दराने त्यांना गुणून बघा. वापर वाढेल तसा दर चढत असेल, तर गुणाकार सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने करा, कारण बचत आधी त्याच टप्प्यातून वजा होते.

(दृश्य: अडगळीच्या खोलीचं दार उघडतं. तोच साठ वॅटचा बल्ब.)

आता हा दिवा बघा. बल्ब तोच, साठ वॅटचाच. पण इथे कुणी दिवसातून पाच मिनिटं येतं, सामान काढतं आणि जातं. वर्षभरात हा बल्ब दोन युनिटंसुद्धा घेत नाही. तो बदलून हातात काय येणार? म्हणून दुकानात जायच्या आधी कागद-पेन घेऊन घरभर एक फेरी मारा. प्रत्येक दिव्याचे वॅट लिहा, शेजारी तो रोज किती तास जळतो ते लिहा, आणि दोन्ही आकडे गुणा. यादीत जो दिवा सर्वांत वर येईल, तो आधी बदला. बहुतेक घरांत बसायची खोली, स्वयंपाकघर आणि रात्रभर चालू राहणारा दाराबाहेरचा दिवा वर येतात. हातात पैसे थोडेच असतील तर तेवढे तीन दिवे बदलूनही बिलात फरक दिसतो.

या फेरीत जुनी ट्यूब हमखास सुटते. तिच्यावर ३६ वॅट लिहिलेलं असतं, पण पट्टीतला जुना लोखंडी चोक स्वतःसाठी आणखी दहाएक वॅट खातो. वीस वॅटच्या आसपासची एलईडी ट्यूब तिचं काम करते. मात्र ती जुन्याच पट्टीत बसवायची असेल तर आतलं वायरिंग बदलावं लागू शकतं. ते काम इलेक्ट्रिशियनवर सोपवा.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली एलईडीची चिप, निळी चमकणारी.)

एलईडीत तापणारी तार नाही. अर्धवाहकातून, म्हणजे सेमीकंडक्टरमधून, वीज वाहते आणि थेट प्रकाश निघतो. डोळ्यांना दिसेल असा लाल एलईडी अमेरिकी अभियंते निक होलोन्याक यांनी १९६२ साली बनवला. पण निळा हाती लागायला तीस वर्षं गेली, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड नाही. निळ्या चिपसाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाचे चांगले स्फटिक वाढवणं हीच मोठी अडचण होती. जपानच्या इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी ती चिकाटीने सोडवली, आणि २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. आज घरातल्या बहुतेक पांढऱ्या दिव्यांत निळीच चिप असते. वर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर असतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं.

(दृश्य: एलईडी दिव्याच्या खोक्यावरचा मजकूर, जवळून.)

खोक्यावर आधी ल्युमेन शोधा. वॅट म्हणजे वीज किती लागते, ल्युमेन म्हणजे उजेड किती मिळतो. साठ वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड हवा असेल तर ८०० ल्युमेन. मग केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगछटेचा आकडा. २७०० चा उजेड पिवळसर, ६५०० चा निळसर पांढरा. झोपायच्या खोलीत पिवळसरच बरा, कारण रात्रीचा निळसर उजेड झोपेत अडथळा आणतो. रंगांच्या अचूकतेचा आकडा, म्हणजे सीआरआय, ८० च्या खाली नको. तो कमी असला की भाजीपासून कपड्यापर्यंत सगळं फिकट, निस्तेज दिसतं, आणि दोष दिव्याचा आहे हे लक्षातही येत नाही.

आयुष्य १५,००० तास, २५,००० तास असं छापलेलं असतं. बऱ्याचदा चिप टिकते, पण चिपला हवी तशी वीज पुरवणारा, दिव्याच्या बुडातला ड्रायव्हर आधी जातो. त्याचा शत्रू उष्णता. म्हणून बंदिस्त काचेच्या झुंबरात किंवा हवा न खेळणाऱ्या खोबणीत साधा एलईडी बसवू नका. बंद फिटिंगसाठी चालतो असं ज्यावर लिहिलंय, तोच घ्या. उजेड कमी-जास्त करणारा डिमर असेल तर डिमरला चालणारा दिवाच हवा, नाहीतर तो लुकलुकतो.

(दृश्य: छताच्या कडेने लावलेली प्रकाशपट्टी, रिकाम्या खोलीत.)

दिवे कमी वीज खातात म्हणून घरात दिव्यांची संख्या वाढत चालली आहे, आणि याची काळजी वाटते. ही शोभेची एलईडी पट्टी पाच मीटर लांबीची आहे. दर मीटरला १४ वॅट धरले तर झाले ७० वॅट. काढून टाकलेल्या बल्बपेक्षा जास्त! तीही खोलीत कुणी नसताना. त्यापेक्षा जिथे काम चालतं तिथे दिवा जवळ आणा. छोट्या दिव्याचं वहीपासूनचं अंतर निम्मं केलं तर वहीवरचा उजेड चौपट होतो, आणि पाच-सहा वॅटमध्ये वाचन-लिखाण आरामात होतं.

(दृश्य: नागमोडी नळीचा सीएफएल.)

घरात सीएफएल असेल आणि तो चालत असेल, तर राहू द्या. पंधरा वॅटच्या सीएफएलच्या जागी नऊचा एलईडी लावून रोजच्या पाच तासांत वर्षाला अकराच युनिट वाचतात. तो संपला की मग बदला, पण कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आत थोडा पारा असतो, त्यामुळे तो घातक कचरा किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. हातून फुटलाच, तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर थांबा. नंतर जाड कागदाने तुकडे गोळा करा, ओल्या कागदाने जागा पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. झाडू किंवा व्हॅक्युम क्लीनर फिरवू नका, त्याने पारा खोलीभर पसरतो.

नवा दिवा बसवताना त्याच्या बुडाशी पेनने महिना आणि वर्ष लिहा, बिल जपून ठेवा. वॉरंटीच्या आत बंद पडला तर बदलून मागा.