उरलेले एकतीस डॉलर

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसमोर ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी झालेल्या व्याख्यानाचं थोडं संपादित रूप.)

मंडळी, बाहेर फलकावर विषय लिहिलाय, 'ऑक्शन ड्राफ्टमध्ये स्टार खेळाडूवर किती पैसे घालावेत?' त्यावर मी येणार आहे, काळजी नसावी. फक्त चार वाजता हॉल रिकामा करून द्यायचा आहे, आपल्यामागे कुणाचं तरी डोहाळजेवण आहे, आणि सेक्रेटरीबाई दहा मिनिटं आधी चिठ्ठी पाठवणार आहेत. तेव्हा शेवटी मी एकदम घाईत बोलायला लागलो तर समजून घ्या.

बहुतेकांना फँटसी फुटबॉलचा हा खेळ ठाऊक आहे. ज्यांना नवऱ्याने किंवा मुलाने ओढून आणलंय त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. बारा मालक, प्रत्येकाला खोटे दोनशे डॉलर, सोळा जागा भरायच्या. एनएफएलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या, एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं आणि बोली लावायची, कमीत कमी एक डॉलर. हाच ऑक्शन ड्राफ्ट. मग सबंध हंगामभर त्या खेळाडूंनी खऱ्या मैदानावर जे केलं त्याचे गुण तुम्हाला. डॉलर खोटे असले तरी भांडणं खरी होतात. सप्टेंबरात आमच्या लीगमधली दोन कुटुंबं एकमेकांकडे गणपतीला जात नाहीत, यापलीकडे मी काही बोलत नाही.

थोडा इतिहास, कारण तो आपल्या शेजारचा आहे. फँटसी फुटबॉलचं खापर फोडायचं तर बिल विंकेनबाख यांच्या डोक्यावर फोडावं लागतं. ओकलंड रेडर्स या फुटबॉल संघात त्यांची थोडी भागीदारी होती. 1962 साली संघ पूर्वेकडच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात त्यांनी आणि सोबतच्या दोघातिघांनी नियम लिहून काढले. पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये पहिला ड्राफ्ट झाला आणि पहिलं नाव निघालं जॉर्ज ब्लांडाचं. पण तो पाळीपाळीने निवडायचा ड्राफ्ट होता, लिलाव नव्हता. लिलाव आला बेसबॉलकडून. 1980 साली डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रमंडळींनी मॅनहॅटनमधल्या एका फ्रेंच रेस्टॉरंटच्या नावाने लिलावाची लीग काढली. म्हणजे हा उपद्व्याप दोन्ही वेळा नदीपलीकडे शिजला आणि आपण दर ऑगस्टला त्याची फळं भोगतो.

आता माझं म्हणणं. पाळीच्या ड्राफ्टमध्ये तुमचा स्वभाव झाकला जातो. पाचवा नंबर आला तर पाचवा खेळाडू मिळणार, त्यात तुमची हिंमत कुणाला दिसत नाही. लिलावात माणूस उघडा पडतो. आणि आपण मराठी माणसं, त्यातही मध्यमवर्गीय, लिलावात एकाच ठिकाणी मार खातो. ते म्हणजे आपल्याला पैसे उरवायची सवय आहे. घरी शिकवलेला हा गुण. त्याच्या जोरावर आपण इथे घरं घेतली, मुलांची कॉलेजं केली. पण लिलाव संपल्यावर शिल्लक राहिलेल्या डॉलरला काडीची किंमत नाही. तो बँकेत जात नाही, त्यावर व्याज नाही, बायकोला दाखवता येत नाही.

आमच्या लीगमधल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही. दुसऱ्या रांगेत बसलेत. हसताहेत. पेशा हिशेबाचा. 2023 चा लिलाव. त्यांनी एक्सेलची पानं रंगीत छापून आणली होती, लॅमिनेट करून. हो, लॅमिनेट. प्रत्येक खेळाडूसमोर त्याची 'योग्य किंमत', आणि त्याच्या वर एक डॉलरसुद्धा जायचं नाही असा निश्चय. पहिल्या तासात ख्रिश्चन मॅकॅफ्रीचं नाव आलं, फोर्टीनायनर्स संघाचा स्टार रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा. बोली चढत चढत पन्नास, पंचावन्न, साठ. एकवार, दोनवार. बासष्टला गेला. आमचे गृहस्थ कागदावरून मान वर न करता म्हणाले, "एका माणसाला बासष्ट? तेवढ्यात मला तीन रनिंग बॅक येतील."

आणि खरंच आले! बरोबर तीन आले. प्रत्येक जण त्यांच्या कागदापेक्षा दोनतीन डॉलर स्वस्त. ते खुशीत. प्रत्येक स्टारला "महाग आहे, महाग आहे" म्हणत समोशांवर हात मारत बसले. शेवटी त्यांच्याकडे चेंडूला लाथ मारणारा किकर आणि एखाद्या संघाची अख्खी बचावफळी म्हणजे डिफेन्स, या दोनच जागा उरल्या आणि पैसे उरले तेहतीस. स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे 'जास्तीत जास्त बोली बत्तीस' असं झळकतंय आणि बाजारात घेण्यासारखं कुणीच नाही! बाकी अकरा जण एकेक डॉलरवर आलेले. यांनी दोन्ही जागा एकेक डॉलरला भरल्या. एकतीस डॉलर शिल्लक. वर आम्हाला म्हणतात, सर्वांत काटकसरीने संघ मीच बांधला.

इथवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर अर्ज आला. अर्जच. "मा. कमिशनर साहेब यांस, स. न. वि. वि. माझ्या खात्यावर शिल्लक असलेली रक्कम रु." तिथे रुपये खोडून डॉलर केलेलं, "रक्कम डॉलर एकतीस फक्त पुढील हंगामात वर्ग करण्यात यावी, ही विनंती." कमिशनरने, म्हणजे आमची लीग चालवणाऱ्याने, नकार दिला. तर दुसरा अर्ज, की मग ती वेव्हरच्या, म्हणजे कुणीच न घेतलेले खेळाडू हंगामात उचलायच्या, शंभर डॉलरमध्ये मिळवावी. त्यावर तीन दिवस चर्चा झाली. एकाने वकिलासारखं उत्तर लिहिलं, एकाने पुण्याहून आपल्या वडिलांचं मत मागवलं. त्यांना फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा तोच माहीत आहे, पण सोसायटीच्या सिंकिंग फंडाचा अनुभव दांडगा. शेवटी कमिशनरने एका ओळीत विषय मिटवला, "रक्कम खोटी असल्याने अर्ज निकाली."

त्या वर्षी मॅकॅफ्रीने 1,459 यार्ड धाव घेतली आणि पकडलेले धरून एकवीस टचडाऊन केले. ज्याने बासष्टला घेतला त्याने लीग जिंकली. आणि आमच्या गृहस्थांचे तीन स्वस्त रनिंग बॅक? त्यातला एक जवळपास दर आठवड्याला बेंचवर, म्हणजे गुण न धरणाऱ्या राखीव जागेवर, कारण मैदानात जागाच तेवढ्या. बेंचवरच्या गुणांचं तुम्ही काय लोणचं घालणार?

थांबा, गोष्ट संपली नाही. पुढच्या वर्षी गृहस्थ पेटून आले. लॅमिनेशन नाही, कागदच नाही. मॅकॅफ्रीचं नाव आलं आणि त्यांनी हात खाली घेतलाच नाही. एक्काहत्तर! टाळ्या पडल्या. आता कॅलेंडर आठवा. 2024 ला गणेश चतुर्थी होती शनिवारी, 7 सप्टेंबरला. सोमवारी 9 तारखेला फोर्टीनायनर्सचा पहिला सामना, जेट्सशी. संध्याकाळची आरती, यांच्या हातात निरांजनाचं तबक आणि सदऱ्याच्या खिशात फोन थरथरतोय. मॅकॅफ्री खेळणार नाही. पोटरी आणि टाच. ताटातली ज्योत कशी हलली ते मी शेजारी उभा राहून पाहिलंय. त्याच्या जागी जॉर्डन मेसन नावाचा मुलगा उतरला आणि अठ्ठावीस वेळा चेंडू घेऊन 147 यार्ड पळाला. मेसन आमच्या लीगमध्ये कुणाकडेच नव्हता. वेव्हर उघडल्यावर त्याला कोणी उचलला? कमिशनरने. माझी तक्रार आजही कायम आहे, की जो नियम करतो त्याने वेव्हरवर इतकं जागं राहू नये.

मॅकॅफ्री त्या हंगामात चार सामने खेळला आणि बफेलोच्या बर्फात गुडघा दुखावून परत बाहेर. तेव्हापासून गृहस्थ भेटेल त्याला सांगतात, "बघा, मी म्हणत होतो." म्हणजे 2023 लाही तेच बरोबर आणि 2024 लाही तेच बरोबर!

मागून कोणीतरी आयपीएल म्हणतंय. म्हणणारच. इथे फुटबॉलवर बोला नाहीतर नाटकावर, दहा मिनिटांत आयपीएल येतंच. पण मुद्दा कामाचा आहे म्हणून घेतो. 2008 च्या पहिल्या लिलावात चेन्नईने धोनीवर पंधरा लाख डॉलर घातले. संघाची मर्यादा होती पन्नास लाख. म्हणजे तीस टक्के एका माणसावर. आपल्या दोनशेत ते साठ होतात. 2024 च्या नोव्हेंबरात जेद्दाहला लखनौने पंतवर 27 कोटी घातले, 120 कोटींतले. साडेबावीस टक्के, आपले पंचेचाळीस डॉलर. त्याच्या काही मिनिटं आधी आपल्या मुंबईचा श्रेयस अय्यर पंजाबकडे 26 कोटी 75 लाखांना गेला होता. किमतीत फरक पंचवीस लाखांचा. श्रेयसने पंजाबला अंतिम सामन्यापर्यंत नेलं, लखनौ बाद फेरीतही पोचलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग 2008 ला राजस्थानने कमीत कमी खर्चात कप नेला त्याचं काय? बरोबर आहे. त्यांना शेन वॉर्न मूळ किमतीत मिळाला, साडेचार लाख डॉलरला, कारण दुसऱ्या कोणी हातच वर केला नाही. पण वॉर्नने स्वस्तातल्या पोरांना खेळवून घेतलं. फँटसीत तुमचा चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक तुमच्या रनिंग बॅकला काही शिकवत नाही, दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत. इथे कर्णधारपणाला शून्य गुण. त्यामुळे राजस्थानचा दाखला आपल्या लिलावात

आली चिठ्ठी. दहा मिनिटं. बरं, विषयावर येतो.

पहिली गोष्ट, गुण मोजताना शून्यापासून मोजू नका. फुकटात जो मिळतो त्याच्यापासून मोजा. समजा वेव्हरवर पडलेला रनिंग बॅक सामन्याला आठ गुण देतो. बाराचा खेळाडू त्यापेक्षा चार जास्त देतो आणि वीसचा स्टार बारा जास्त. म्हणजे स्टारची किंमत मधल्याच्या जेमतेम पावणेदोनपट नाही, तिप्पट हवी. आमच्या गृहस्थांच्या लॅमिनेटेड कागदावर हेच चुकलं होतं. आणि जागा मोजक्या असतात हे विसरू नका. दोन बाराचे मिळून चोवीस होतात, तर एक वीसचा आणि एक फुकटचा आठचा मिळून अठ्ठावीस. जागा तेवढ्याच.

दुसरी गोष्ट, मर्यादा. माझी तीस टक्क्यांची, म्हणजे साठ डॉलर. त्यावर मी कुणासाठीही जात नाही, कारण त्यापुढे एक घोटा मुरगळला की हंगाम गेला. साठ, चाळीस, पस्तीस असे तीन खांब, झाले एकशे पस्तीस. पुढच्या चौघांना मिळून छप्पन्न. उरल्या नऊ जागा एकेक डॉलरच्या. जोडून बघा, बरोबर दोनशे. एक्काहत्तर मला जास्त वाटतात, पण गृहस्थ बुडाले ते त्या अकरा डॉलरमुळे नव्हे. एक डॉलरच्या जागांवर त्यांनी नावाजलेले, थकलेले, 'निदान पाचसहा गुण तरी देतील' असे खेळाडू भरले होते. पाचसहा गुण वेव्हरवर केव्हाही मिळतात. त्या जागांवर बसवायचे ते दुसऱ्या कुणाला दुखापत झाली तर एकदम मोठे होतील असे, म्हणजे मेसन. किंवा ज्यांना अजून कुणी पाहिलेलंच नाही असे. 2023 ला पूका नकुआ खऱ्या एनएफएलच्या निवडीत पाचव्या फेरीत घेतलेला नवखा पोरगा होता, त्याने 105 झेल आणि 1,486 यार्ड केले. त्या वेळी दोन्ही नवख्यांचे विक्रम. बहुतेक लीगमध्ये त्याला ड्राफ्टच्या दिवशी कुणी विचारलंही नव्हतं.

तिसरी, कुठल्या जागेवर स्टार घ्यायचा. क्वार्टरबॅकवर नको. बत्तीस संघ, लागतात बारा, दहाबारा डॉलरमध्ये बरा मिळतो. किकरला दुसरा डॉलर घालणाऱ्याने पुढल्या पॉटलकला सगळ्यांची भांडी घासावी. रनिंग बॅकचं शरीर लवकर झिजतं, म्हणून तीन खांबांत एकच रनिंग बॅक आणि दोन रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारे. तिन्ही रनिंग बॅक घेणारे शूर असतात, पण नोव्हेंबरात रडतात.

चौथी, वेळ. सुरुवातीला तुम्हाला नको असलेले स्टार पुकारा, म्हणजे इतरांचे खिसे हलके होतात. पहिला स्टार बऱ्याचदा स्वस्त जातो, कारण सगळे अजून अंदाज घेत असतात. आणि त्या फळीतला शेवटचा उरला की सगळे एकदम जागे होतात, तो हमखास महाग जातो. म्हणून शेवटच्यासाठी थांबू नका. उगाच दुसऱ्याचा भाव चढवायची ज्यांना खोड आहे, ते कोण हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांनी नको असलेल्या खेळाडूवर चाळीसच्या पुढे हात वर करताना तो आपल्याच गळ्यात पडला तर चालेल का ते आधी बघावं.

पाचवी गोष्ट अर्धीच सांगतो, दारात फुगे घेऊन लोक उभे आहेत. लिलावाच्या शेवटच्या अर्ध्या तासात सगळे एकेक डॉलरवर आले की ज्याच्याकडे जागेमागे दोन आहेत त्याचंच चालतं. बाकीच्यांना एकच्या पुढे जाता येत नाही. त्यासाठी त्या छप्पन्नातले पाचसहा डॉलर मागे ठेवा, एकतीस नाही. आणि तेही मेसनसारख्यांवर संपवूनच खुर्चीतून उठा.

प्रश्न असतील त्यांनी पार्किंगमध्ये भेटा. तुमचा प्रश्न काय आहे ते मला माहीत आहे हो, आणि नाही, पुढच्या हंगामात वर्ग होत नाहीत.