पडद्याआडचं टेबल

श्रोते हो, नमस्कार. आजची गोष्ट अल्फा फाय अल्फा या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघाची.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. १९०४-०५ साली तिथे शिकत असलेले सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षी परतलेच नाहीत. का, हे समजायचं तर त्या काळची फ्रॅटर्निटी आधी समजून घ्यायला हवी.

फ्रॅटर्निटी म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव घेतलेला, शपथ देऊन सभासद करून घेणारा विद्यार्थ्यांचा बंधुसंघ. ग्रीक अक्षरांची ही पद्धत १७७६ सालच्या फाय बीटा कॅपापासून चालत आलेली. शपथ, खुणा, गुप्त बैठका हे लोकांच्या नजरेत भरतं, पण विद्यार्थ्याला रोज उपयोगी पडायचं ते संघाचं घर. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, वरच्या वर्गातल्यांच्या वह्या, अभ्यासाला सोबत, शिक्षण संपल्यावर नोकरीसाठी ओळख. हे सगळं एका छपराखाली मिळायचं, आणि ते छप्पर फक्त गोऱ्यांचं होतं. कृष्णवर्णीय मुलांना त्या घरांत प्रवेश मिळे तो वाढपी म्हणून. फी भरण्यासाठी काही जण तिथे जेवणाची टेबलं मांडत, उष्टी ताटं उचलत, आणि आपण स्वतः गावात कुणाकडे तरी भाड्याच्या खोलीत राहत.

अशा आधाराविना ते सहा जण टिकले नाहीत. उरलेल्या मुलांनी आधी अभ्यासमंडळ काढलं. एकत्र बसायचं, वाचायचं, एकमेकांच्या अडचणी सोडवायच्या. पण वर्षभर वाद चालला, की हे साहित्य मंडळच ठेवायचं की रीतसर बंधुसंघ करायचा? मंडळाचे पुढारी पॉइंडेक्स्टर यांना साहित्य मंडळ हवं होतं. ते बाजूला झाले. ४ डिसेंबर १९०६ रोजी बंधुसंघाचा निर्णय पक्का झाला आणि अल्फा फाय अल्फा जन्माला आला. त्याच्या सात संस्थापकांना सभासद आजही ‘सात रत्नं’ म्हणतात. त्यांतले व्हर्टनर टँडी पुढे न्यूयॉर्क राज्यातले पहिले नोंदणीकृत कृष्णवर्णीय वास्तुविशारद झाले, आणि युजीन किंकल जोन्स यांनी शहरांतल्या कृष्णवर्णीयांसाठी काम करणारी नॅशनल अर्बन लीग ही संस्था नावारूपाला आणली.

बंधुसंघच हवा म्हणणाऱ्यांचं बरोबर होतं असं माझं मत आहे. साहित्य मंडळ मुलं पांगली की विरतं. बंधुसंघाला घटना असते, वर्गणी असते, शाखा असतात, आणि शिक्षण संपलं तरी माणूस सभासद राहतो. संघाने पुढे जे केलं, ते या शेवटच्या गोष्टीच्या बळावर. १९०७ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात दुसरी शाखा निघाली, १९०८ मध्ये संस्था नोंदवली गेली, १९११ मध्ये लुइव्हिल इथे पदवीधरांची पहिली शाखा सुरू झाली. शाखांना ग्रीक अक्षरं ओळीने देतात: अल्फा, बीटा, गॅमा. शेवटचं अक्षर ओमेगा मात्र कुठल्याच कॉलेजला दिलेलं नाही. सभासद वारला की तो ओमेगा शाखेत गेला असं म्हणायचं.

कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस याच संघाचे सभासद. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या, आणि डु बॉइस यांनी त्या पत्राला सहानुभूतीने उत्तर पाठवलं.

संघात बिघडलं तेही सांगायला हवं. सभासद होण्याआधी उमेदवारीचा काळ असे, आणि त्यात रॅगिंग शिरलं. उमेदवारी गुप्त, त्यामुळे देखरेख नाही. जो मार खाऊन आत आला तो पुढच्या वर्षी मारणारा. १९८९ मध्ये अटलांटात या संघाच्या उमेदवारीत एका विद्यार्थ्याचा जीव गेला. १९९० मध्ये कृष्णवर्णीयांच्या आठ बंधुसंघांनी आणि भगिनीसंघांनी मिळून उमेदवारीची पद्धतच बंद केली. अर्ज, मुलाखत, थोड्या दिवसांचं शिक्षण आणि लगेच प्रवेश, असा नवा क्रम आला. पण मार न खाता आलेल्यांना ‘कागदी सभासद’ म्हणून हिणवणं सुरू झालं, आणि त्या टोमण्याच्या भीतीने जुना प्रकार चोरून चालू राहिला. नियम बदलला, मान कशाला द्यायचा हे बदललं नाही.

आता जेवणाच्या टेबलाकडे परत येऊ. १७ मे १९४२ रोजी एल्मर हेंडरसन हे सरकारी कर्मचारी पहिल्या वर्गाच्या तिकिटावर रेल्वेने वॉशिंग्टनहून अटलांटाकडे निघाले होते. साडेपाचच्या सुमाराला जेवणाची हाक आली, म्हणून ते भोजनयानात गेले. टोकाची दोन टेबलं कृष्णवर्णीयांसाठी, पण त्यांवर काही गोरे प्रवासी बसलेले. एक खुर्ची रिकामी होती, तरी ती त्यांना मिळाली नाही. जागा झाली की बोलावतो, असं सांगण्यात आलं. रात्री नऊ वाजता ग्रीन्सबरोला भोजनयान गाडीपासून सोडलं गेलं, तोवर बोलावणं आलेलं नव्हतं.

हेंडरसन यांनी तक्रार केली, तेव्हा रेल्वेने नियम बदलले. १९४६ पासून चार-चार खुर्च्यांची दहा टेबलं गोऱ्यांना आणि एक टेबल कृष्णवर्णीयांना, मध्ये पडदा. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेण्याचा खर्च अल्फा फाय अल्फाने उचलला, आणि युक्तिवाद केला संघाचेच अध्यक्ष बेलफर्ड लॉसन यांनी. ५ जून १९५० रोजी निकाल लागला: खुर्ची रिकामी असताना तिकीटधारकाला ती नाकारणं आंतरराज्य वाणिज्य कायद्याविरुद्ध आहे. न्यायालयाने निकाल त्या कायद्यावर बेतला, राज्यघटनेवर नाही. त्यामुळे ‘वेगळे पण समान’, म्हणजे सोयी सारख्या असल्या तर वेगळं ठेवलेलं चालतं, हे १८९६ पासूनचं तत्त्व तसंच राहिलं. शाळांच्या बाबतीत ते मोडलं १९५४ मध्ये, ब्राउन खटल्यात. तिथे युक्तिवाद करणारे थरगुड मार्शल हेही याच संघाचे. त्या निकालाची तारीख होती १७ मे, हेंडरसन त्या गाडीत बसले त्याला बरोबर बारा वर्षं झाली होती.

नमस्कार.