खुआसाक: चिन डोंगरातलं एक गाव

रत्नागिरीचा थिबा राजवाडा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली, तिथल्या थिबा राजाला पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ साली तो तिथेच वारला. राजा इकडे आल्यावर तिकडे काय झालं, त्याची आज गोष्ट सांगतो. ब्रह्मदेशाच्या पश्चिमेला चिन लोकांचे डोंगर आहेत. त्यांच्यावर थिबाचीही सत्ता कधी चालली नव्हती. त्यांतल्या सिझांग खोऱ्यात खुआसाक नावाचं गाव आहे. खुआ म्हणजे गाव, साक म्हणजे वरचं. वरचं गाव, बस्स, एवढंच साधं नाव.

इंग्रजांना बंगाल आणि ब्रह्मदेश जोडायचा होता, मध्ये हे डोंगर. १८८८-८९च्या हिवाळ्यात पलटणी चढल्या, गावं जळाली, लोक रानात गेले. खुआसाकच्या माणसांनी सियाल्लुम इथे लाकडाची तटबंदी उभारली आणि ४ मे १८८९ रोजी तिथे झुंज झाली. इंग्रजी कागदांत त्या जागेचं नाव टार्टन आहे. फर्डिनांड ल केन या लष्करी डॉक्टरने तटापासून पाच यार्डांवर, गोळ्या सुटत असताना, दहाएक मिनिटं थांबून एका अधिकाऱ्याच्या जखमा बांधल्या. अधिकारी वाचला नाही, डॉक्टरला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचं धैर्य खरंच होतं. पण तटाच्या आतही माणसं जखमी होत होती, आणि त्यांच्या जखमा कुणी बांधल्या याची त्या कागदांत एक ओळ नाही. ही नोंद मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा माझं मन तटाच्या आत जातं.

पुढचं भराभर सांगतो. १८९६ला चिन हिल्सचा कायदा आला, त्यात सरदारांची सत्ता पक्की झाली. मग २० फेब्रुवारी १९४८ला चिन डोंगरातल्या फलाम गावच्या मोठ्या सभेत लोकांनीच ती सरदारकी नको म्हटलं. तो दिवस आजही चिन राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. राजाचा किंवा लढाईचा दिवस न धरता त्यांनी सभेचा दिवस धरला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता गावात शिरू. उतारावरचं रान हिवाळ्यात तोडायचं, वाळू द्यायचं, पावसाआधी भाजायचं आणि राखेत मका टोकायचा. आपल्या कोकणातली भाजावळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो वास माहीत आहे. एकट्या घराला हे काम झेपणारं नाही. म्हणून तरुण मुलामुलींचे गट असत, त्यांना लोम म्हणत. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. आपली सावडच ती.

आणि घरात कार्य निघालं, लग्न असो की मयत, तर कुणी काय करायचं हे आधीपासून ठरलेलं. या व्यवस्थेला इनदोंगता म्हणतात. भाऊबंदांचं काम वेगळं, बायकोच्या माहेरच्यांचा मान वेगळा. सासरी गेलेल्या लेकीबहिणी आणि त्यांचे नवरे म्हणजे तानू. राबायचं ते तानूंनी: लाकडं, पाणी, चुली, कापणं, शिजवणं, वाटणं. आपल्याकडे कार्यात जावयाला पाटावर बसवतात, तिथे तो पहाटेपासून चुलीपाशी असतो. डुक्कर किंवा मिथुन (तिकडचं गव्यासारखं पाळीव जनावर) कापला की कुठला वाटा कुणाच्या घरी जायचा, तेही नात्यावरूनच ठरतं. दुःखाने सुन्न झालेल्या घराला कुणाला बोलवायचं याचा विचारच करावा लागत नाही. माणसं येतात, कारण ते त्यांचंच काम असतं.

ख्रिस्ती धर्म आला तो मिशनऱ्यांसोबत. आर्थर आणि लॉरा कार्सन १८९९ला चिन डोंगरातल्या हाखा गावी पोचले, उत्तरेकडे प्रसार त्यानंतर झाला. धान्याची झू नावाची दारू हळूहळू मागे पडली, पाहुण्याच्या हाती चहा आला. झूच्या घटाभोवती बसून पूर्वजांची गाणी म्हणायची, ती बैठकही मोडली. इनदोंगता मात्र टिकली.

फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर चिन राज्यात पुन्हा गावं जळू लागली. थांतलांग हे अख्खं शहर ओस पडलं. हजारो माणसं तियाउ नदी ओलांडून मिझोराममध्ये आली. त्याआधीपासूनच पुष्कळ जण मलेशियात आणि अमेरिकेत टल्सासारख्या शहरांत पांगलेले आहेत.

शेवटी एक गोष्ट, नावाची. आपण नातवाला आजोबांचं नाव ठेवतो. हे लोक आजोबांच्या नावाचं शेवटचं अक्षर घेतात आणि तिथून नातवाचं नाव सुरू करतात. तिद्दीमकडच्या पाउ चिन हाउ यांनी आपल्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी घडवली. या रीतीने त्यांच्या नातवाचं नाव 'हाउ'पासून सुरू होईल. त्या नावाचं शेवटचं अक्षर पुढे त्याच्या नातवाकडे जाईल. टल्सात जन्मलेल्या बाळाचं नावही असंच, खोऱ्यातल्या कुठल्यातरी आजोबांच्या शेवटच्या अक्षरापासून सुरू होतं.