ऐंशी सुरांची पेटी

[दृश्य : कारागिराचे हात. टेबलावर ओळीनं मांडलेल्या रीड्स.]

काडेपेटीतल्या काडीएवढी ही पोलादी जीभ. कारागीर ती नखानं उडवतो, कान देतो, टोकाशी हलकी कानस फिरवतो, पुन्हा उडवतो. टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. पेटी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात ज्यांनी कधी तासभर काढलाय, त्यांना हे काही नवं नाही. अशा ऐंशी जिभा या एका अ‍ॅकॉर्डियनमध्ये बसतात. डाव्या हाताच्या खर्जाच्या वेगळ्या.

[दृश्य : भातखाचरं, पाण्यात लाल तोंडाचे सापळे.]

अमेरिकेतलं लुईझियाना राज्य, युनिस गाव. ह्यूस्टनहून गाडीनं तीन-सव्वातीन तास. खाचरं बघून कोकण आठवतं, फक्त डोंगर तेवढे कुणीतरी उचलून नेलेत. भात निघाला की त्याच पाण्यात झिंग्यासारखे क्रॉफिश धरतात, ते हे सापळे. १७५५ पासून इंग्रजांनी आजच्या कॅनडातून हाकलून लावलेले फ्रेंच शेतकरी पुढच्या काही वर्षांत इकडे पोचले. ते केजन. त्यांच्या शेजारी राहणारे, आफ्रिकी वंशाचे, फ्रेंच आणि स्वतःची क्रिओल बोलणारे, ते क्रिओल. गाणं दोघांचं. वाद्यं दोघांची. नाव मात्र बराच काळ एकाचंच झालं, आणि त्याबद्दल मला पुढे बोलायचंय.

[दृश्य : भात्याची उघडझाप, जवळून.]

आपल्या पेटीचा भाता कसाही मारा, सा तो सा. इथे तसं नाही. तेच बटण, पण भाता ओढला की एक सूर आणि दाबला की दुसरा. बटणं दहाच. दहा बटणं, दोन दिशा, प्रत्येक सुराला चार रीड्स : झाल्या ऐंशी. वरचे चार खुंटे दिसतात ना, त्यांनी त्या चारपैकी कुठल्या बोलायच्या ते ठरतं. सगळे सूर मिळत नाहीतच, काळ्या पट्ट्यांची सोय नाही. त्यामुळे गाण्यानं पेटीशी जुळवून घेतलं. फिडलवाले, म्हणजे व्हायोलिनवाले, आपल्या तारा अख्ख्या एका सुरानं उतरवतात. गाणारा उंच पट्टीत ओरडल्यासारखा गातो, कारण माइक नव्हते, नाचणाऱ्यांचा गलका होता, त्यावरून आवाज जायला हवा.

पूर्वी या पेट्या जर्मनीतून यायच्या. आपल्याकडचे जुने कारागीरही 'जर्मन रीड' म्हणताना अजून डोळे मिचकावतात. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबली. मग इथल्याच लेक चार्ल्स गावच्या सिडनी ब्राउन यांनी जुनी पेटी समोर ठेवून नवी बांधायला घेतली. आज या भागात घरामागच्या शेडमध्ये पेट्या बांधणारे बरेच आहेत. आमचा हा कारागीर त्यांपैकीच. दुपारभर त्यानं आमच्याशी जेमतेम दहा वाक्यं बोलली असतील. रीडशी मात्र सतत बोलत होता.

[दृश्य : लोखंडी त्रिकोण. मग पत्र्याचा फ्रोत्वार.]

हा त्रिकोण, तिफेर. गवत ओढायच्या जुन्या दंताळ्याचे दात वाकवून करायचे. आणि हा खांद्यावरून छातीवर अडकवलेला पन्हाळी पत्रा, फ्रोत्वार. आधी कपडे धुवायची पाटीच गळ्यात बांधायचे. १९४६ मध्ये क्रिओल वादक क्लिफ्टन शेनिये यांनी टेक्ससमधल्या पोर्ट आर्थरला विली लँड्री या धातूकाम करणाऱ्या कारागिराला मातीत रेघा ओढून दाखवलं : असा पत्रा हवा, खांद्यावर बसणारा. बाटल्या उघडायचे ओपनर दोन्ही मुठींत धरून तो वाजवतात. शेनिये यांनी क्रिओल गाण्यात ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत मिसळून जे उभं केलं, ते झायडको. हे नाव 'लेझ् आरिको' म्हणजे घेवड्याच्या शेंगांवरून आलं असं मानतात. शेंगांना मीठ नाही, अशी एक ओळ आहे. म्हणजे भांड्यात टाकायला खारवलेल्या मांसाचा तुकडासुद्धा परवडत नाही.

[दृश्य : ऑपलूसस गाव. आमेदे आर्दोआं यांचा पुतळा.]

केजन गाण्याची पहिली ध्वनिमुद्रिका एप्रिल १९२८ ची, जो फाल्कन आणि क्लिओमा ब्रो यांची. पुढच्याच वर्षी, ९ डिसेंबरला, न्यू ऑर्लिन्सच्या स्टुडिओत दोघे शेजारी बसले : क्रिओल आमेदे आर्दोआं पेटीवर, गोरे डेनिस मगी फिडलवर. ज्या काळात दोघांना एका टेबलावर जेवता आलं नसतं, त्या काळात. आर्दोआं यांची एकूण ३४ गाणी उरली आहेत. आज केजन म्हणून जे वाजतं, त्यातलं किती या माणसाच्या बोटांतून आलंय ते कुठल्याही वादकाला विचारा.

एका गोऱ्या घरी वाजवताना त्या घरच्या मुलीनं त्यांना घाम पुसायला रुमाल दिला. परतताना त्यांना मरणाचा मार बसला, असं इथे सांगतात. १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात ते गेले. थडग्यावर नाव नाही. हा पुतळा २०१८ चा.

[दृश्य : वर्गाची रिकामी बाकं.]

लुईझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेनं शाळेत फक्त इंग्रजी ठेवली. फ्रेंच शब्द तोंडातून निघाला की 'शाळेच्या आवारात मी फ्रेंच बोलणार नाही' हे पानभर लिहायचं, नाहीतर दाण्यांवर गुडघे टेकायचे. ती पोरं मोठी झाली आणि आपल्या मुलांशी इंग्रजीच बोलली.

१९६४ मध्ये केजन वादक ड्यूई बाल्फा न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवायला गेले. गावाकडच्या शहाण्यांनी आधीच नाकं मुरडली होती : हे असलं काय बाहेर दाखवायचं! तिथे हजारो माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. पुढे बाल्फा शाळेची बस चालवत, आणि जिथे बोलावतील त्या शाळेत फिडल घेऊन जात. १९६८ मध्ये राज्यानं फ्रेंचसाठी परिषद नेमली, कोडोफिल. शिक्षक आले फ्रान्स, बेल्जियम, क्वेबेकहून.

इथे थोडी गंमत आहे. पाहुण्या मास्तरांनी मोटारीला 'व्वातूर' शिकवलं, आजी मात्र 'शार' म्हणत होती. 'मी'साठी पुस्तकात 'झ', तर कुरी-विनी या इथल्या क्रिओलमध्ये 'मो'. आजीचे शब्द पुस्तकात नव्हते. ते होते फक्त गाण्यात. म्हणून मला ही नुसती चाल जपणारी मंडळी थोडी खटकतात. चाल कुणीही यंत्रावरून उचलतो.

घरात फ्रेंच ऐकत वाढलेले बहुतेक जण आता साठीपलीकडे आहेत.

[दृश्य : शनिवार सकाळ. खुर्च्यांचं कडं. कोपऱ्यात बूदँची पुडी.]

युनिसमध्ये मार्क सॅव्हॉय यांचं १९६६ पासूनचं वाद्यांचं दुकान आहे, तिथली शनिवार सकाळची बैठक प्रसिद्ध आहे. त्याच चालीवर या परिसरात छोट्या बैठकी भरतात. ही त्यांतली एक. तिकीट नाही, मंच नाही. भात आणि मांस भरलेलं गरम बूदँ कुणीतरी आणतं, ते खाऊन, हात पुसून मगच वाद्याला हात. तिफेर एका वेळी एकच. दुसरा काढलात तर सगळे वळून बघतात.

ही मुलगी शाळेत फ्रेंच शिकते. गाण्याचे शब्द तिनं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत उतरवलेत. 'कातँ' या शब्दाशी ती अडते आणि लाजते, कारण पुस्तकी फ्रेंचमध्ये तो शब्द वेश्येसाठी आहे. शेजारचे फिडलवाले आजोबा गज खाली ठेवतात. इथे कातँ म्हणजे बाहुली, ते सांगतात. माझी आई मला कातँ म्हणून हाक मारायची, माझी बहीणही कातँच होती.

ती मोबाइल खिशात ठेवते. भाता उघडतो.

[निवेदन बंद. गाणं पूर्ण जाऊ द्यावं.]