बावन्न वजा सत्तावीस

(फळ्यावर: ५२ – २७)

तिसरीच्या चार वह्या. चारही वह्यांत उत्तर ३५. दोनातून सात जाईनात, म्हणून मुलांनी सातातून दोन वजा केले, पाचातून दोन वजा केले आणि मोकळी झाली.

ही जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असला की शिक्षक दोन. पहिली-दुसरी सरांकडे, पुढचे वर्ग मॅडमकडे. मॅडमना मिळणारं मूल सरांच्या हाताखालून आलेलं असतं.

(दुपारची सुट्टी, खिचडीची ताटं)

मॅडम वह्या घेऊन सरांच्या वर्गात आल्या आहेत. 'तुमची मुलं कच्ची आहेत' असं एकदा तोंडातून गेलं, की वर्षभर वह्या या खोलीतून त्या खोलीत जात नाहीत. इथे सर काड्या काढतात. रबर लावलेले दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. सात द्यायच्या, सुट्या दोनच. एक गठ्ठा सोडला: चार गठ्ठे, बारा सुट्या. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. चारातून दोन गठ्ठे गेले. २५.

गोम आता सापडते. सर म्हणतात 'गठ्ठा सोडायचा', मॅडम म्हणतात 'उसना घ्यायचा'. मुलाला ही दोन निराळी गणितं वाटतात. शिवाय उसना घेतलेला परत कधी करायचा, हाही घोळ. दोघं ठरवतात: दोन्ही वर्गांत शब्द एकच, 'गठ्ठा सोडणे'. तिसरीतही पहिले चार दिवस काड्या. दशक-एककाची घरं दोन्ही फळ्यांवर सारखी.

(दुसरा दिवस)

मॅडम शिकवतात, सर मागे बसलेत. सरांची पहिली-दुसरी याच खोलीत पाटीवर चित्रं काढतेय, दुसरी सोय नाही. सरांची नजर मुलांच्या हातांवर: गठ्ठा कोण सोडतं, बोटं कोण मोजतं, ५० – २७ मधल्या शून्याशी कोण अडतं. मध्येच चूक सुधारायला उठायचं नाही. सरांनी टिपलेल्या नोंदीचा मॅडमवर शेरा झाला, तर पुढच्या वेळी मुलांना आधीच येणारा पाठच दाखवला जाईल.

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत खरं तर हेच व्हायला हवं. परिपत्रकं आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून वेळ उरला तर होतं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या निकालांवरचा २००९ चा अभ्यास सांगतो, चांगलं शिकवणारे सहकारी लाभले की शेजारच्या वर्गातल्या मुलांचेही गुण वाढतात, नवख्या शिक्षकांच्या वर्गात जास्त.

(फळ्यावर: ६१ – ३८)

बस्करपट्टीवरची ही मुलगी काल ३५ लिहिणाऱ्यांतली. तिने गठ्ठ्याचं रबर काढलंय.