फ्लोर विरल्यावर: खेरेसची ड्राय, जुनी शेरी

[दृश्य: बोदेगाच्या आत, काळ्या पिपांच्या एकावर एक तीन रांगा]

या पिपात 600 लिटर वाईन मावते. भरलेली मात्र 500 लिटर आहे. वरचा सहावा हिस्सा मुद्दाम रिकामा सोडलाय, आणि शेरीची, म्हणजे मद्यार्क घालून मुरवलेल्या या वाईनची, चव ठरते ती त्या रिकाम्या जागेत. इतर वाईन मुरताना पीप काठोकाठ भरून ठेवतात, कारण हवा लागली की ती बिघडते. इथे, स्पेनच्या दक्षिण टोकाला कादिस प्रांतात, हवेला आत येऊ देतात. ती किती, कधी आणि कशाच्या आडून येईल, एवढंच ठरवतात. ठरवणारा निम्मा माणूस आणि निम्मा हा प्रदेश.

या प्रदेशाचे तीन कोपरे म्हणजे तीन गावं. खेरेस दे ला फ्रोंतेरा समुद्रापासून थोडं आत आहे. एल पुएर्तो दे सांता मारिया उपसागराच्या काठी, आणि सानलुकार दे बारामेदा ग्वादाल्किविर नदीच्या मुखाशी.

[दृश्य: ऑगस्टमधल्या टेकड्या, डोळे दिपवणारी पांढरी जमीन]

ही माती अल्बारीसा. कधीकाळी इथे समुद्राचा तळ होता. सूक्ष्म जलजीवांची कवचं आणि चुना साचून ती तयार झाली. वर्षाला सरासरी 600 मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळपास सगळा ऑक्टोबर ते मे या काळात. जून ते ऑगस्ट आकाश कोरडं. वेलीला पाणी लागतं नेमकं तेव्हाच. म्हणून काढणी संपली की दोन ओळींमधल्या जमिनीत आयताकृती खड्डे घेतात आणि त्यांना मातीचे छोटे बांध घालतात. हिवाळ्यातला पाऊस त्यात थांबतो आणि जिरतो. हे केलं नाही तर उतारावरचं पाणी वाहून जातंच, वर चांगली मातीही घेऊन जातं. वसंतात जमीन पुन्हा सपाट करतात. उन्हाळा लागला की अल्बारीसाचा वरचा थर कडक होतो आणि आतली ओल उडू देत नाही. मुळं त्या ओलीच्या मागे कित्येक मीटर खोल जातात.

द्राक्ष पालोमिनो. खाऊन पाहिलं तर विशेष काही वाटणार नाही: आम्ल कमी, सुगंध मंद. शेरीसाठी हा साधेपणाच हवा असतो, कारण पुढे चव घडवणारे दुसरेच आहेत. छाटणीची इथली पारंपरिक पद्धत पाहण्यासारखी आहे. वेलीला दोन ओलांडे ठेवतात. एकावर साधारण आठ डोळ्यांची लांब काडी, ती यंदाचं पीक देते. दुसऱ्यावर एक-दोन डोळ्यांचा खुंट. पुढच्या वर्षी पाळी बदलते. दोन्ही बाजूंना दरवर्षी पीक घेतलं तर वेल लवकर थकते.

काढणी ऑगस्टमध्येच सुरू होते. उशीर झाला तर आधीच कमी असलेलं आम्ल आणखी घसरतं. 100 किलो द्राक्षांतून जास्तीत जास्त 70 लिटर रस शेरीसाठी घेता येतो. अलगद दाबून आलेला पहिला रस नाजूक वाईनसाठी. जरा जोर लावून काढलेल्या रसात सालीचा तुरटपणा उतरतो, तो वेगळा ठेवतात.

रस आंबून साखर संपली की 11 ते 12 टक्के अल्कोहोलची फिकट वाईन हाती येते. मग चव घेणारे येतात आणि तिचा पुढचा मार्ग ठरवतात. हलकी, स्वच्छ वाटली तर पिपावर खडूची एक तिरपी रेघ, आणि अल्कोहोल 15 टक्क्यांपर्यंत वाढवायचं. अंगानं भरलेली असेल तर गोल, आणि 17 टक्क्यांच्या वर. त्यासाठी वाईनपासूनच काढलेलं तीव्र मद्यार्क वापरतात. ते थेट ओतत नाहीत. आधी निम्मं मद्यार्क आणि निम्मी वाईन मिसळून काही दिवस निवू देतात. थेट ओतलं तर वाईनला धक्का बसतो आणि ती गढूळ होते.

15 आणि 17 या दोन आकड्यांमध्येच शेरीची वाट फुटते.

[दृश्य: काचेचं तोंड लावलेलं पीप, आत वाईनवर तरंगणारा पांढरट थर]

15 टक्क्यांवर ठेवलेल्या वाईनवर यीस्टचा थर धरतो, दुधावर साय धरावी तसा. हाच फ्लोर. तो हवा आणि वाईन यांच्या मध्ये उभा राहतो, म्हणून खालची वाईन पिवळट फिकटच राहते. पण तो नुसता पहारा देत नाही. तो अल्कोहोल खातो, ग्लिसरीन तर जवळपास संपवतो, आणि त्याबदल्यात ॲसिटाल्डिहाइड सोडतो. फिनोचा, म्हणजे फ्लोरखाली मुरलेल्या या फिकट शेरीचा, कोवळ्या बदामासारखा, कणकेसारखा वास त्यातूनच येतो. अल्कोहोल साडेचौदाच्या खाली गेलं तर व्हिनेगर करणारे जिवाणू घुसू शकतात. साडेपंधराच्या वर गेलं तर फ्लोर कोमेजू लागतो आणि सतराला टिकत नाही.

त्याला गारवा आणि दमट हवा लागते, आणि इथे प्रदेशाचा हात स्पष्ट दिसतो. आग्नेयेकडून येणारा लेवांते वारा गरम आणि कोरडा. पश्चिमेचा पोनिएंते अटलांटिकवरून ओल घेऊन येतो. बोदेगा, म्हणजे पिपांची ही उंच इमारत, पोनिएंतेला वाट देईल अशा दिशेनं बांधतात. जाड भिंती, खूप उंच छत, वरच्या बाजूला लहान खिडक्या, त्यांना गवती चटया. जमीन मुरुमाची, आणि उन्हाळ्यात तिच्यावर पाणी शिंपडतात. एवढं करूनही आत वसलेल्या खेरेसमध्ये फ्लोर वसंतात आणि शरदात जाड, कडक उन्हात आणि थंडीत विरळ असतो. सानलुकारमध्ये तो वर्षभर टिकतो. तिथल्या मान्सानिया शेरीचा चरचरीत, खारट वाटणारा पोत त्या अखंड थराचा आहे.

[दृश्य: दोन पेले शेजारी, एक फिकट, एक तांबूस]

आता जुन्या शेरीकडे येऊ. फ्लोरला सतत खाद्य लागतं. फिनोच्या पिपात नवी वाईन घालणं थांबवलं की काही वर्षांत तो उपाशी पडतो आणि विरतो. किंवा अल्कोहोल 17 च्या वर नेऊन तो मुद्दाम संपवतात. त्यानंतर हवा थेट वाईनला भिडते. रंग पिवळ्यावरून तांबूस होतो, आणि बदामाच्या जागी हेझलनटचा, जुन्या लाकडाचा वास येतो. ही आमोन्तियादो. फ्लोरनं ग्लिसरीन आधीच खाल्लेलं असल्यामुळे ती जिभेवर सडसडीत आणि धारदार लागते. आमच्या मते साऱ्या शेरींमध्ये हिच्यात सगळ्यात जास्त ऐकण्यासारखं आहे, कारण दोन्ही आयुष्यं एकाच घोटात भेटतात.

गोल खूण मिळालेली ओलोरोसो फ्लोरशिवायच वाढते. तिच्यात ग्लिसरीन शाबूत राहतं. त्यामुळे साखर नसतानाही ती गोलसर लागते, आणि कित्येक जण तिला गोड समजून बसतात. पालो कोर्तादो दोघींच्या मधली: निघाली नाजूक वाईनच्या वाटेवर, पण अंग धरलं ओलोरोसोचं. तेव्हा खडूच्या तिरप्या रेघेवर आडवी रेघ मारतात.

[दृश्य: पिपांमधून वाईन काढणारा कामगार]

पिपांच्या या रांगा म्हणजे सोलेरा. सगळ्यात जुनी वाईन जमिनीलगतच्या रांगेत. बाटलीसाठी तिथूनच थोडी काढतात, तेवढीच भर वरच्या रांगेतून घालतात, आणि सर्वांत वरच्या रांगेत नवी वाईन येते. एकही पीप कधी रिकामं करत नाहीत. भर घालताना भोकं पाडलेली नळी आडवी आत सोडतात, म्हणजे वाईन फ्लोरच्या खालून हळूच पसरते. वरून ओतली तर थर फाटतो आणि तळाचा गाळ उठतो. पीपं अमेरिकन ओकची आणि जुनीच हवीत. नव्या लाकडाचा वास सगळ्यावर स्वार होतो. बाहेरून काळा रंग देतात, म्हणजे कुठे गळती लागली तर चटकन दिसते.

लाकडातून वर्षाला साधारण 3 ते 5 टक्के उडून जातं, आणि त्यात पाणी जास्त असतं. 4 टक्के धरून भर न घालता 30 वर्षं ठेवलं, तर 500 लिटरचे दीडशेसुद्धा उरत नाहीत. उरतं ते दाट होतं. अल्कोहोल 20 च्या पुढे सरकतं, आम्ल वाढतं, लाकडाचा कडवटपणाही. जुन्या शेरीचा खरा धोका हाच. फार क्वचित भर घातली तर वाईन इतकी कडू आणि तुरट होते की पेल्यात घेववत नाही. वारंवार घातली तर जुनेपणा पातळ होतो.

2000 पासून 20 आणि 30 वर्षांवरील शेरींना नियामक मंडळ वेगळा दर्जा देतं. चव घेणाऱ्यांची समिती निर्णय देते, प्रयोगशाळेची तपासणी होते, आणि 30 वर्षांच्या सोलेरातून 1 लिटर काढायचा तर मागे किमान 30 लिटर शिल्लक असावे लागतात.

विकत घेताना लेबल नीट वाचा. आमोन्तियादो, ओलोरोसो किंवा पालो कोर्तादो एवढंच लिहिलं असेल तर ती ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली. मीडियम किंवा क्रीम असेल तर गोडवा मिसळलेला आहे. फार थंड करू नका. 12 ते 14 अंश पुरे, त्याखाली सुगंध मिटतो. उभट शॅम्पेनच्या पेल्याऐवजी साधा व्हाइट वाईनचा पेला घ्या आणि तिसरा हिस्साच भरा. आमोन्तियादो मशरूम, सुकामेवा आणि मुरलेल्या चीजबरोबर जमते, ओलोरोसो मंद आचेवर शिजवलेल्या मटणाबरोबर. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. फिनो आठवड्याभरात संपवावी लागते. आमोन्तियादो दोन-तीन आठवडे चांगली राहते, ओलोरोसो महिनाभर.