बदलीची सुभद्रा

(परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, मराठवाड्यातल्या नाट्यरसिकांची एक जुनी तक्रार आहे, ती आधी मीच मांडतो. पुण्या-मुंबईचं नाटक आपल्याकडे येतं. आपण तिकीट काढून वेळेत जाऊन बसतो. तिसरी घंटा होते आणि पडद्यामागून आवाज येतो, "आजच्या प्रयोगात अमुक यांच्या जागी तमुक काम करत आहेत." लगेच सभागृहात 'च्' असा आवाज उमटतो. "आपल्याकडे येताना बदलीच आणतात," असं मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतंच. मी हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करत आलो. रंगमंचाच्या कडेला बसणाऱ्याला तो 'च्' ऐकू येतो आणि विंगेत उभ्या असलेल्या बदली नटाचा चेहराही दिसतो. आज मी त्याच्या बाजूनं बोलणार आहे.

एक फरक आधी करू. किर्लोस्कर नाटक मंडळीतले गायक-नट भाऊराव कोल्हटकर 1901 साली गेले आणि बालगंधर्व 1905 साली त्याच मंडळीत आले. बालगंधर्व बदली नव्हते, कारण जागा रिकामी होती आणि तिथं आपल्या मनासारखं बसायला मोकळीक होती. बदली नटाची गंमत अशी की जागा रिकामी नसतेच. मूळ गायिका घरी वाफ घेत पडलेली असते आणि चार दिवसांनी परत येणार असते. हालचाली ठरलेल्या, प्रकाश ठरलेला, शालू दुसरीच्या मापाचा. एवढ्या बांधलेल्या अवस्थेत तो भूमिका बदलणार कुठं आणि कशी, हा माझा आजचा विषय.

ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, या कामाची रीतसर श्रेणीच आहे. कुणी समूहात नाचता-गाता मोठ्या भूमिकेची तयारी ठेवतो. कुणी रोज तयार राहून नुसता वाट बघतो. काहींना आठवड्याच्या आठ प्रयोगांतले ठरावीक प्रयोग दिलेले असतात. आणि 'स्विंग' म्हणतात ती मंडळी एकाच वेळी अनेक भूमिका पाठ ठेवून असतात. डिसेंबर 2021 मध्ये 'द म्युझिक मॅन'च्या नायिकेला कोविड झाला तेव्हा कॅथी व्हॉइटको या स्विंगला दुपारी बाराला कळलं की आज तू उभी राहायचंस. एक वाजता त्या भूमिकेची तिची पहिली तालीम, आणि रात्री प्रयोग. अशा आठ भूमिका तिच्या डोक्यात होत्या. 'हॅमिल्टन'मध्ये तर ज्यानं नाटक लिहिलं तोच, लिन-मॅन्युएल मिरांडा, नायक होता. जुलै 2015 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा नाटकाला आले तो प्रयोग मात्र हाव्हिएर मुन्योसचा होता, म्हणजे बदलीचा. पुढच्या वर्षी ती भूमिका त्याच्याकडेच आली.

पण आपल्याला एवढं लांब जायचं कारण नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' 1899 सालचं. त्यानंतर लवकरच एका मंडळीत शारदेचं काम करणारा नट ऐन वेळी कंपनी सोडून गेला आणि कंपनीतल्या एका पोराला शारदा म्हणून उभं केलं. तो पोर म्हणजे केशवराव भोसले, जन्म 1890 चा. पुढे 'ललितकलादर्श' ही नाटक कंपनी काढली ते हेच. त्यांच्या गळ्याबद्दल सगळे बोलतात. मला वेगळंच दिसतं. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी ही त्या नाटकाची गोष्ट. तयार नट मुलीचं सोंग घेऊन 'मूर्तिमंत भीती उभी' गातो, तेव्हा प्रेक्षक गाण्याला दाद देतो. तेच पद खरोखरीचं अजाण पोर गायला लागलं की समोरच्याला पोर दिसतं. देवलांचं एक अक्षर बदललं नाही, तरी नाटक बदललं. कंपनीनं हे ठरवून केलं नव्हतं, तिला फक्त प्रयोग वाचवायचा होता.

आता ऑर्गनवरून पाहिलेली गोष्ट सांगतो. लातूर जिल्ह्यात आमचा 'सौभद्र'चा प्रयोग होता. आमच्या नेहमीच्या सुभद्रेचा गळा आदल्या रात्री बसला. तालमीत जी बाई रोज वही धरून पाठांतर ऐकायची, तिलाच उभं केलं. शाळेत शिकवणारी बाई, गळा बेताचा पण सुराला पक्की. नेहमीची सुभद्रा काळी पाचमध्ये गायची, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी तिचा सा. हिला ते झेपेना, म्हणून मी काळी चारवर आलो. बदली आल्यावर सगळ्यांत आधी पट्टी बदलते, अभिनय नंतर, हे साथीदाराला विचारा. पट्टी उतरली की गाणं बोलण्याच्या जवळ येतं. वरच्या षड्जाला आवाज फेकण्याची संधी जाते, पण शब्द स्वच्छ ऐकू येतात.

'वद जाऊ कुणाला शरण' आलं. या पदात 'अग सखये' असं संबोधन आहे. आता आमच्याकडे, आणि खरं सांगायचं तर सगळीकडेच, हे 'अग सखये' सुभद्रा प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणते. सखी बिचारी शेजारी हात जुळवून उभी असते, तान संपायची वाट बघत. या बाईला तानाच येत नव्हत्या. ती 'अग सखये'ला सखीकडे वळली, तिचं मनगट धरलं आणि 'कुणाला शरण जाऊ' हे तिलाच विचारलं. सखीचं काम करणारी पोरगी दचकली. इतक्या प्रयोगांत तिला पहिल्यांदाच कुणी काही विचारलं होतं. पुढची ओळ येईपर्यंत तिला त्या प्रश्नाचं काहीतरी करावं लागलं. तिनं मान खाली घातली. झालं, सुभद्रेला कुणीच वाली नाही हे एका मानेत दिसलं. मी तिथं एक आवर्तन नुसता सूर धरून बसलो, कारण वाजवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तबलजीनं माझ्याकडे पाहिलं, ठेका मात्र सोडला नाही.

वन्समोअर मिळाला नाही, हेही सांगितलं पाहिजे. वन्समोअर तानेला मिळतो.

नेहमीच्या बाई परत आल्या तेव्हा खरी पंचाईत झाली. सखीला सवय लागलेली, ती पदात त्यांच्याकडे बघायला लागली. बाई चिडल्या, म्हणाल्या, माझं लक्ष जातं. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. पूर्ण गाणं पेलणाऱ्या गळ्याला मोकळं मैदान लागतं. दिग्दर्शकानं सखीला पुन्हा सरळ उभं केलं. पण त्या दोन सुभद्रांमध्ये बदललेली भूमिका सुभद्रेपेक्षा सखीची जास्त होती. बदली नटाचं मोजमाप करताना आपण त्याच्याकडेच बघतो. खरं तर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याकडे बघायला हवं.

यात एक विचित्र उलटापालट आहे. ब्रॉडवेच्या संगीतिकेत स्वरलेखन पक्कं, वाद्यवृंद मोठा, त्यामुळे बदली गायकाला स्वर हलवायची मुभा कमी. आपल्याकडे पदाचा विस्तार गाणाऱ्याच्या मर्जीवर. मग आपले बदली नट जास्त स्वतंत्र असायला हवेत ना? होतं उलटंच. मोकळीक मिळाली की तो नक्कल करतो. बालगंधर्वांची गाण्यातली जागा, मास्टर दीनानाथांची फेक, वसंतरावांची सरगम, सगळं ध्वनिमुद्रिकेवरून जसंच्या तसं. 'कट्यार काळजात घुसली' 1967 साली आलं. त्यातला वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब इतका मनात बसला की पुढं जो कुणी उभा राहील त्याच्याकडे लोक वसंतरावच मागतात. आणि हे त्या नाटकात घडावं, जिथं 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन घराण्यांच्या दोन चालींत येतं! शब्द तेच आणि गाणं वेगळं, हे नाटकच आपल्याला दाखवतं, आणि आपण बाहेर येऊन 'मूळ' गाणं मागतो. बदली नटाला नक्कल शिकवणारे आपणच आहोत.

हौशी संस्था चालवणारे इथं बसलेत, त्यांच्यासाठी एकच सांगतो. बदलीच्या माणसाला ऑर्गन-तबल्यासह एक पूर्ण तालीम द्या, आणि ती त्याच्या पट्टीत द्या. "ऐन वेळी बघू" म्हणू नका.

एक चिठ्ठी आली आहे, "बदली असेल तर तिकिटाचे पैसे परत मागावेत का?" ब्रॉडवेवर साधारण रिवाज असा आहे की नाटकाच्या नावाच्याही वर ज्याचं नाव छापलंय तो आला नाही, तर पैसे परत मिळतात किंवा तिकीट बदलून मिळतं. इतरांसाठी नाही. आपल्याकडे मागायला हरकत नाही. फक्त मध्यंतरात मागा, सुरुवातीला नको. तोवर खिडकी बंद झालेली असते, ते वेगळं.